मागच्या बाकावरून ऐकलेलं गणित

(स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे. "गणितावर बोल, पण गणित सांगू नकोस." पहिल्या रांगेत आपले गणिताचे सर बसलेले असताना ही अट पाळणं मला जमणार नाही. थोडं गणित येईलच. ज्यांना झोप येईल त्यांनी खुशाल झोपावं. दहावीत सरांच्या तासाला ती सोय नव्हती, ती आज मी करून देतो.

विषय मला सुचला तो आपल्या एका वर्गमैत्रिणीमुळे. तिची पुतणी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणित घेऊन. विद्यापीठाच्या गणित विभागात दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं व्याख्यान असतं, त्याची सूचना तिनं फळ्यावर वाचली. खाली लिहिलं होतं, सर्वांना प्रवेश. तिनं काकूला विचारलं आणि काकूनं मला फोन केला: "अरे, ह्या सर्वांमध्ये बी.एस्सी.ची मुलं धरतात का? कुणी उठवणार तर नाही ना?"

मी चौतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. ह्या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता यायला हवं होतं. मी "जाऊ दे तिला, काही होत नाही" असं सांगून फोन ठेवला. पण रात्री झोप लागली नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी ही व्याख्यानं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की विद्यापीठात फक्त तास होतात आणि परीक्षा होतात. प्रत्येक चांगल्या गणित विभागात दोन प्रकारची व्याख्यानं चालतात. एकाला सेमिनार म्हणतात. तिथे एकाच शाखेतली आठ-दहा माणसं आपसात बोलतात. सोनारांनी सोनारांशी बोलावं तसं. तिथे नवख्यानं गेलं तर पाच मिनिटांत वाट चुकते. दुसरा प्रकार कलोक्वियम. तिथे बाहेरगावचा पाहुणा येतो, पूर्ण विभाग गोळा होतो, आणि पाहुण्यानं निदान पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांना कळेल असं बोलावं असा संकेत असतो. संकेतच तो. पाळणारे कमी. आधी किंवा नंतर चहा-बिस्किटं असतात आणि ती कधी चुकत नाहीत.

आता एक गुपित. तासाभराच्या ह्या व्याख्यानात शेवटच्या वीस मिनिटांत काय चाललंय ते खोलीतल्या निम्म्याहून जास्त प्राध्यापकांनाही कळत नसतं. हे मला कळायला दहा वर्षं लागली. चेहरे असे असतात की सगळं समजतंय. मुलं ते चेहरे बघतात आणि ठरवतात की फक्त मलाच कळत नाहीये. त्या पुतणीला मी दुसऱ्या दिवशी हेच सांगितलं: तासातली दहा मिनिटं कळली तर व्याख्यान वसूल झालं समज. वहीत तीन गोष्टी लिहून आण. एखादा नवा शब्द, एखादं उदाहरण, एखादा प्रश्न. बाकीचं सोडून दे.

श्रीराम अभ्यंकर हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. पुढे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात होते, बैजिक भूमितीतले जगातले मोठे नाव. पुण्याची भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था त्यांनी १९७६ साली स्थापन केली. हे अभ्यंकर मुंबईला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत होते तेव्हाच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, व्याख्यानं ऐकायला जात. १९५१ ला पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले. म्हणजे पदवीच्या मुलानं मोठ्यांच्या खोलीत जाऊन बसणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

आता माझी गोष्ट. ती खरं तर माझी नाही.

१९७८ ला आपण दहावी झालो. आपल्यातले दोघं पुढे मुंबईला बी.एस्सी.ला गेलो. एक मी. दुसऱ्याचं नाव मी घेणार नाही, त्यानं तशी अट घातली आहे. तुम्ही ओळखालच. ओळखा, पण माना वळवू नका. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. एस.टी.च्या लाल डब्यातून रात्रभर घाट उतरून-चढून परळला उतरायचं, अंग नुसतं खिळखिळं व्हायचं. मी मावशीकडे गिरगावात राहायचो. तो लालबागला चाळीत, चुलत्याकडे. चुलते गिरणीत होते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, त्यात हा आठवा. अभ्यासाला तो जिन्यात बसायचा, कारण जिन्यात रात्रभर दिवा असायचा.

गणितात तो माझ्या पुढे होता. सर, तुम्हाला आठवत असेल, प्रिलिमला भूमितीचा एक रायडर फक्त त्याला सुटला होता आणि तुम्ही तो त्याच्याकडून फळ्यावर सोडवून घेतला होता. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नव्हतो. हे मी पहिल्यांदा सांगतोय.

१९८२ चा फेब्रुवारी. आम्ही एस.वाय.ला. मुंबईतच एके ठिकाणी, जागेचं नाव घेत नाही, शनिवारी दुपारी गणिताचं व्याख्यान होतं. आमच्या एका प्राध्यापकांनी वर्गात सहज सांगितलं होतं. आम्ही दोघंच गेलो. मागच्या बाकावर बसलो. समोर पंचवीसेक माणसं, सगळी मोठी. विषय होता लॅटिन चौकोन.

आता संयोजकांनी कानात बोटं घालावीत.

आपल्या शाळेत कवायतीला तीन गट असायचे: लाल, हिरवा, निळा. समजा, प्रत्येक गटातून आठवी, नववी आणि दहावीचा एकेक मुलगा घेतला. झाली नऊ मुलं. त्यांना तीन गुणिले तीन अशा चौकोनात उभं करायचं. अट अशी की कुठल्याही आडव्या रांगेत आणि कुठल्याही उभ्या रांगेत एकच रंग दोनदा येता कामा नये आणि एकच इयत्ताही दोनदा येता कामा नये. जमतं. पहिल्या रांगेत लाल आठवी, हिरवा नववी, निळा दहावी. दुसरीत हिरवा दहावी, निळा आठवी, लाल नववी. तिसरीत निळा नववी, लाल दहावी, हिरवा आठवी. घरी जाऊन पडताळून बघा. रंगांचा एक चौकोन आणि इयत्तांचा दुसरा चौकोन असे दोन एकमेकांवर अचूक बसले. दोन रंग आणि दोन इयत्ता घेतल्या तर मात्र चार मुलांत हे जमत नाही. एक मिनिटात पटेल.

ऑयलर नावाच्या गणितीनं अठराव्या शतकात हाच प्रश्न सहा पलटणी आणि सहा हुद्दे घेऊन विचारला. छत्तीस अधिकारी. त्याला ते जमेना. १७८२ साली छापलेल्या निबंधात त्यानं अंदाज केला की सहाला जमणारच नाही, आणि दहा, चौदा, अठरा ह्यांनाही नाही. म्हणजे चारनं भागल्यावर दोन उरतात अशा कुठल्याच संख्येला नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर निघाला. १९०० च्या सुमारास तारी नावाच्या फ्रेंच माणसानं एकेक शक्यता हातानं तपासून ते दाखवलं. बाकीचा अंदाज पावणेदोनशे वर्षं उभा राहिला.

तो पाडला तिघांनी. राज चंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि पार्कर. १९५९ साल. बोस आणि श्रीखंडे यांनी आधी बावीसचा चौकोन रचून दाखवला, पार्कर यांनी दहाचा. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर सगळ्या संख्यांना हे जमतं. त्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी आली. गणिताची बातमी पहिल्या पानावर! श्रीखंडे नागपुरात शिकलेले. १९६३ पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० मध्ये वारले, वयाची शंभरी ओलांडून.

व्याख्यात्यांनी हे सगळं फळ्यावर इतकं सुरेख सांगितलं की मी चाट पडलो. शेतीच्या प्रयोगांत हे चौकोन कसे वापरतात तेही सांगितलं. शेताचा एक कोपरा सुपीक, एक खडकाळ. मग भाताच्या चार जाती लावून बघायच्या तर कुठली कुठे लावायची म्हणजे जमिनीचा दोष कुणा एकाच्या माथी येणार नाही? लॅटिन चौकोनात लावायच्या. आमच्या दोघांच्याही घरी भातशेती. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. त्यापुढचं मला फारसं कळलं नाही.

व्याख्यान संपलं. "कुणाला काही प्रश्न?" आणि माझ्या शेजारचा हात वर गेला.

त्यानं मराठीतच विचारलं. इंग्रजी आम्हा दोघांचीही बेताचीच. तो म्हणाला, "सर, दहाला दोन चौकोन बसतात. मग तिसरा बसेल का? म्हणजे रंग, इयत्ता, आणि आणखी एक काहीतरी, तिन्ही एकदम?"

क्षणभर शांतता. व्याख्याते काही बोलणार, एवढ्यात पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले. ते कार्यक्रमाचे अध्यक्ष होते. म्हणाले, "बी.एस्सी.चे ना तुम्ही? आधी दोनाचं समजून घ्या. परीक्षा पास व्हा. तिसऱ्याचं मग बघू." हॉल हसला. दुष्टपणानं नव्हे, शनिवारी दुपारी चहाच्या आधी माणसं हसतात तसा. अध्यक्षांनी आभार मानले. सभा संपली.

मीही हसलो होतो. मोठ्यानं नाही. पण त्यानं माझ्याकडे बघितलं तेव्हा माझे दात दिसत होते.

तो चहाला थांबला नाही. "मला लालबागला लवकर जायचंय" म्हणून निघून गेला. मी थांबलो, कारण समोसे होते. मी बशी घेऊन कोपऱ्यात उभा असताना व्याख्याते स्वतः माझ्याकडे आले. पांढरे केस, हाताला खडू लागलेला. म्हणाले, "तुमच्या शेजारी बसलेला मुलगा कुठे गेला? त्याला सांगा, त्यानं विचारलं त्याचं उत्तर जगात कुणालाही माहीत नाही. मला त्याच्याशी बोलायचंय. सोमवारी दुपारी मला येऊन भेटायला सांगा." आणि खोली क्रमांक सांगितला.

मंडळी, मी तो निरोप दिला नाही.

विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मी विसरलो नव्हतो. सोमवारी तो माझ्या शेजारीच बसला होता, पहिल्या तासाला. मी मनाशी म्हटलं, दुपारी सांगू. दुपारी म्हटलं, उद्या. मग फार उशीर झाला असं स्वतःला सांगितलं. खरं कारण सरांना आता कळलं असेल. भूमितीचा रायडर.

त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला होता. चुलत्यांचा पगार बंद. आधी वाटलं महिन्याभरात मिटेल. एप्रिलपर्यंत चाळीतली माणसं गावाकडे परतायला लागली. जूनमध्ये हाही परतला. टी.वाय.ला आलाच नाही. पुढे त्यानं इथे बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चालवलं, ते तुम्ही सगळे जाणता. आपल्या निम्म्या लोकांच्या घरांच्या कड्या-कोयंडे त्याच्याकडचेच आहेत. संपानं त्याचं शिक्षण तोडलं हे खरं आहे. निरोप दिला असता तर चुलत्यांचा पगार काही सुरू झाला नसता. हा हिशेब मी चाळीस वर्षं करत आलोय आणि दर वेळी बाकी वेगळी येते. व्याख्यात्यांनी कदाचित फी भरली असती. कदाचित नुसता चहा पाजून पाठवलं असतं. पण त्याला एवढं तरी कळलं असतं की हसणारे चुकले होते.

आता तुम्हाला कळेल की फोन ठेवल्यावर मला झोप का लागली नाही. "कुणी उठवणार तर नाही ना?" हा त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. उठवत कुणीच नाही. माणूस आपला आपण उठून जातो.

मी शिकवायला लागल्यावर आमच्या कॉलेजात अशी व्याख्यानं सुरू केली. महिन्यातून एक, दुसऱ्या शनिवारी. पाहुण्याला फक्त एसटीचं भाडं आणि जेवण, तरी माणसं आनंदानं आली. नियम एकच केला: पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे, आणि ते होईपर्यंत एकाही प्राध्यापकानं तोंड उघडायचं नाही. हा नियम माझ्या सहकाऱ्यांना अजिबात आवडला नाही. प्राध्यापकाला गप्प बसवणं मांजराला आंघोळ घालण्यासारखं आहे. सुरुवातीला कुणीच विचारायचं नाही, आम्ही नुसते एकमेकांकडे बघत बसायचो. एकदा तर पूर्ण चार मिनिटं कुणी बोललं नाही, पंख्याचा आवाज ऐकत बसलो. मग एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर कसे आलात?" आणि पाहुण्यांनी बघितलं तर तिसरी ओळ चुकलेली होती.

ज्यांची मुलं, पुतणे, भाच्या आता कॉलेजात आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी भराभर सांगतो. मुंबईत टीआयएफआरची माणसं २००९ पासून "चाय अँड व्हाय" नावाचे कार्यक्रम करतात, जुहूच्या पृथ्वी थिएटरात रविवारी सकाळी. विज्ञानाचे सगळेच विषय असतात, मधून मधून गणितही. शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत कुणीही जावं. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, आयसर आहे. सुट्टीत महिनाभर नीट गणित करायचं असेल तर एमटीटीएस नावाचा कार्यक्रम आहे. प्रा. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केला. तिथे निवड व्हावी लागते, अर्ज वेळेवर करावा लागतो. तिथली शिकवण्याची पद्धतच अशी की शिक्षक सांगत कमी आणि विचारत जास्त. आमच्या कॉलेजातला एक अगदी मुखदुर्बळ मुलगा तिथून परत आला तो दर तासाला मला अडवायला लागला. मला त्रास झाला, पण त्याचं बरं झालं.

आता शेवटचं. परवा रात्री मी इथे आलो तेव्हा ठरवून आलो होतो की भाषणाच्या आधी त्याला सगळं सांगायचं. काल रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही सगळे गाण्यांच्या भेंड्या खेळत होतात तेव्हा आम्ही दोघं मागच्या पडवीत बसलो होतो. मी सांगितलं. समोसे, खडू लागलेला हात, खोली क्रमांक, सगळं. माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, आता उठून जाईल. तसा त्याला अधिकार होता.

मग म्हणाला, "मेल्या, ते राहू दे. उत्तर काय निघालं त्याचं?"

मी म्हटलं, अजून निघालेलं नाही. त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. दहाला जास्तीत जास्त नऊ चौकोन बसू शकले असते. १९८९ मध्ये लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महासंगणकावर शोध घेऊन दाखवलं की नऊ बसत नाहीत. त्यावरून सहापेक्षा जास्त बसत नाहीत हेही निघतं. पण तीन बसतात की नाही, हे आजच्या तारखेला कुणालाही माहीत नाही. इतके संगणक आले, तरी नाही. १९८२ च्या फेब्रुवारीत तू जिथे सोडलंस तिथेच ते आहे.

"आणि लहान आकड्यांना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, तीनला दोन बसतात, ते तू तेव्हाच पाहिलंस. चारला किती ते तू काढ.

आज सकाळी नाश्त्याला तो आला तो खिशातून कागद काढतच. दुकानाच्या बिलबुकातलं कोरं पान. त्यावर चार गुणिले चारचा चौकोन. रंगांच्या जागी खिळे, स्क्रू, कड्या, बिजागऱ्या, आणि इयत्तांच्या जागी अर्धा इंच, पाऊण इंच, एक, दीड. दोन चौकोन अचूक बसले आहेत, मी तपासले. तिसऱ्यासाठी त्यानं धातू घेतले आहेत, लोखंड, पितळ, तांबं, अॅल्युमिनियम, पण पाच घरं अडली आहेत. तिसरा बसतो हे मी त्याला सांगणार नव्हतो. आता त्यानं ऐकलंच.

आपल्या मैत्रिणीच्या पुतणीच्या विभागात येत्या गुरुवारी चार वाजता व्याख्यान आहे. मी गाडी घेऊन जाणार आहे. गाडीत चार जागा आहेत, एक त्याला दिली आहे, एक पुतणीच्या काकूला. एक अजून रिकामी आहे. सर, तुम्ही येता का?